मौनातली तपासणी

मठात त्याला सगळे हवालदार म्हणत. लष्करात तो वैद्यकीय तुकडीत होता. बंदूक त्याने शिकण्यापुरती हातात धरली असेल. बाकी सगळी नोकरी पट्ट्या बांधण्यात, सुया टोचण्यात आणि जवानांच्या तोंडात चमचा घालून "आ कर" म्हणण्यात गेली. निवृत्त झाल्यावर शहराच्या टोकाला असलेल्या मठाच्या दवाखान्यात त्याने कंपाउंडरची नोकरी धरली. दवाखाना म्हणजे एक खोली, दोन खाटा, काचेचं कपाट आणि पाणी उकळायची शेगडी. आठवड्यातून एकदा बाहेरून डॉक्टर येऊन जाई. बाकी दिवस हवालदार म्हणेल ती पूर्व दिशा, पण ती फक्त मलम आणि गोळ्यांपुरती.

नियमांखाली जगायची त्याला सवय होती, त्यामुळे मठात तो पहिल्या दिवसापासून रुळला. लष्करात आजारी माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि मठात आजारी माणूस दुखण्याबद्दल काही बोलतच नसे, एवढाच काय तो फरक. तिथे साहेबाच्या सहीशिवाय कोणी आजारी पडत नसे, इथे थोरल्यांच्या परवानगीशिवाय. थोरले म्हणजे मठाचे प्रमुख. खाटेवर पडून राहायचं असेल, उपास मोडायचा असेल, फाटकाबाहेर जायचं असेल, तर त्यांना विचारायचं. जिवावर बेतलं तर सगळे नियम सैल होतात, असंही नियमातच लिहिलेलं होतं. पण जिवावर बेतलंय की नाही हे ठरवायचं थोरल्यांनीच. असा हा गाडा, आणि आजवर तो विनातक्रार चालला होता, कारण आजवर कोणाच्या जिवावर बेतलं नव्हतं.

हवालदार इथे आला त्याचं खरं कारण नोकरी नव्हतं. मठातला एक तरुण साधक त्याचा सख्खा भाचा होता, धाकट्या बहिणीचा एकुलता एक. पोराने घर सोडलं तेव्हा बहिणीने रडून रडून डोळे सुजवून घेतले होते. ती म्हणाली, "दादा, तू तिथं असलास तर निदान आपलं एक माणूस त्याच्याकडे बघतंय एवढं तरी." हवालदाराला ना मूल ना बाळ, बायको जाऊनही बरीच वर्षं झालेली. त्याने ट्रंक उचलली आणि आला.

पण मठात आपलं माणूस ही भानगडच नाही. आत येणारा चपलांबरोबर नातीही बाहेर काढून ठेवतो. भाचा त्याला हवालदार म्हणे, आणि लहानपणी ज्याचं नाक पुसलं त्या पोराला हा अहो-जाहो करी. एकदा पोरगा खोकल्याचं औषध न्यायला आला, तेव्हा न राहवून हवालदाराने त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला. पोरगा अर्धं पाऊल मागे सरला आणि हळूच म्हणाला, "इथं तसं नसतं हो, हवालदार." रागाने नाही, समजावल्यासारखं. हवालदाराने मान डोलावली आणि कपाटातल्या स्वच्छ बाटल्या पुन्हा एकदा पुसून काढल्या.

भाच्याची उमेदवारीची वर्षं संपत आली होती. दीक्षेआधीचा आठवडा साऱ्या मठाने मौनात घालवायचा आणि नंतरच्या सकाळी दीक्षा. या मौनात बोलायचं नाही, लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे हाताने बोलणं. फार तर मान हलवायची. आणि या दिवसांत ज्याचा पाय फाटकाच्या उंबऱ्याला लागेल त्याची सगळी वर्षं वाया, त्याने घरी जायचं. थोरले स्वतः आतल्या खोलीत दार लावून बसत. शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की घंटा होई, दार उघडे आणि सगळ्यांना वाचा फुटे. हवालदार आणि फाटकावरचा म्हातारा दारवान हे पगारी लोक, त्यांना बोलायची मुभा होती. मात्र साधकांना बोलतं करायची नव्हती.

शेवटच्याच दिवशी सकाळी घोड्याने पेंड खाल्ली. दोन साधक भाच्याला घेऊन दवाखान्यात आले. एकाने बोटांनी शिडी करून दाखवली, दुसऱ्याने एक बोट त्या शिडीवर चढवलं आणि धपकन खाली पाडलं. कोठारातलं वरच्या फळीवरचं पातेलं काढताना पोरगा पडला होता आणि ओट्याच्या दगडी कडेवर डोकं आपटलं होतं. कानाच्या वर चांगलं टेंगूळ. पोरगा मात्र स्वतःच्या पायांनी चालत आलेला आणि ओशाळून हसत होता.

हवालदाराने बॅटरी डोळ्यांत मारली. दोन्ही बाहुल्या सारख्याच आक्रसल्या. डोक्याला मार लागलेल्या जवानाला विचारायचे प्रश्न त्याच्या जिभेवर तयारच होते: नाव काय, नंबर काय, आज वार कोणता, आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा तेच. उत्तर अडखळलं की समजायचं, आत काहीतरी बिनसतंय. सगळी तपासणी त्या उत्तरांवर. आणि इथे समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप.

"चक्कर येते?" त्याने विचारलं. मान आडवी हलली.

"मळमळतंय?" पुन्हा आडवी.

"डोकं ठणकतंय?" पोराने चिमूट दाखवली, थोडंसं.

"मग इथेच पडून राहा."

पोराने दिवाणखान्याकडे बोट केलं, जिथे सगळे शेवटच्या बैठकीला बसणार होते, आणि दोन्ही हात जोडले. त्या डोळ्यांतली आर्जवं हवालदाराच्याने बघवेनात. एवढी वर्षं थांबलेलं पोर, आणि आता एका टेंगळासाठी त्याला खाटेवर डांबायचं? तो म्हणाला, "बरं, जा. पण मी येऊन बघत राहणार. काही वाटलं तर मला हात करायचा." पोराने मान डोलावली आणि तो गेलाही.

त्यानंतर हवालदाराचा जीव टांगणीला लागला. लष्करात त्याने एक जवान पाहिला होता. व्यायामाच्या बारवरून पडला, उठला, हसला, जेवला आणि जेवून झोपला तो उठलाच नाही. डोक्यात रक्त हळूहळू साठत जातं, तोवर माणूस धडधाकट दिसतो. हे हवालदाराला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो ताणलेल्या चेहऱ्याने दवाखाना ते दिवाणखाना अशा खेपा घालत होता. पहिल्या खेपेला पोरगा ताठ बसलेला दिसला. दुसऱ्या खेपेलाही. जेवणानंतर पाहिलं तर तो खांबाला जरासा टेकला होता, डोळे मिटलेले, चेहरा शांत.

शेजारच्या वयस्कर साधकाने हवालदाराला दारात पाहिलं. त्याने भाच्याकडे बोट केलं, स्वतःचे डोळे मिटून दाखवले आणि एक बोट वर, आभाळाकडे नेलं. ध्यान लागलंय पोराला. आजूबाजूचे दोघे-तिघे त्याच्याकडे कौतुकाने, आणि खरं सांगायचं तर थोड्या असूयेने, बघत होते. पहिल्याच मौनात एवढी खोल समाधी कोणाला मिळते?

हवालदाराला जेवून झोपलेला तो जवान आठवला. ध्यानातल्या माणसाला हात लावायचा नाही, हाही नियमच. त्याने सरळ आत जाऊन पोराचे दोन्ही खांदे गदगदा हलवले. सगळ्या दिवाणखान्याचे डोळे वटारले गेले. पोराने पापण्या उघडल्या, पण फार सावकाश. हवालदाराने त्याला बगलेत धरून दवाखान्यात आणलं. येताना त्याचा एक पाय फरशीवर घासत होता.

"डोकं दुखतंय?"

मान होकारार्थी हलली.

"मळमळतंय?"

हो.

"की बरं वाटतंय?"

हो.

हवालदार थबकला. दुखतंय आणि बरंही वाटतंय, असं असूही शकतं. व्रतातला माणूस, बरं वाटतंय म्हणणारच. पोरगा मौन पाळतोय की बुडतोय, हे कळायला काय मार्ग? त्याने स्टूल जवळ ओढलं, पोराची हनुवटी वर केली आणि तो विचारू लागला.

"तुम्ही लष्करात होतात?"

हो.

"तुम्हाला चार बायका आहेत?"

हो.

"मी तुझी आत्या का रे?"

पोराने शांतपणे, आज्ञाधारकपणे मान डोलावली. एरवी या प्रश्नावर तो खो-खो हसला असता, मौन गेलं खड्ड्यात.  हवालदाराने बॅटरी लावली. एक बाहुली आक्रसली. दुसरी तशीच राहिली, मोठी आणि काळी.

रस्त्यापलीकडचं लष्करी रुग्णालय बाहेरच्यांना घेत नसे, म्हणून दवाखान्यातल्या फोनवरून त्याने शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला गाठलं. रस्ता खणलाय, गाडी पुलावरून फिरून येईल, वेळ लागेल, असं उत्तर मिळालं. तेवढा वेळ नव्हता. फोन आपटून तो व्यवस्थापकांकडे धावला. थोरल्यांच्या खालोखाल मठाचा कारभार पाहणारे हे साधक, भले गृहस्थ, आणि मौनातही हिशेबनीस दिसणारे. त्यांच्यासमोर हवालदाराने घडाघडा सगळं ओतलं. व्यवस्थापकांनी ऐकलं, चेहरा पांढरा पडला, आणि तळहात वर करून त्यांनी खिडकीबाहेर उतरत्या सूर्याकडे बोट दाखवलं. सूर्यास्तापर्यंत थांब.

"सूर्यास्ताला तुम्ही बोलाल, महाराज," हवालदार म्हणाला, "पण तो बोलणार नाही. कधीच."

व्यवस्थापकांचे डोळे भरून आले. ते उठले, जवळजवळ पळतच थोरल्यांच्या बंद दारापाशी गेले, आणि कडीला हात घालायच्या आधी थांबले. ते दार आतूनच उघडायचं, बाहेरून वाजवायचं नाही. त्यांनी हात मागे घेतला, दारासमोर मांडी घातली आणि कपाळ लाकडाला टेकवलं. उठाबशा काढणाऱ्या पोरालाही त्यांच्याइतकी शरम वाटत नसेल. पण कडी काही वाजली नाही.

हवालदाराने हात टेकले. म्हणजे व्यवस्थापकांपुढे टेकले. भाच्याच्या बाबतीत हात टेकणारा तो नव्हता. दवाखान्यात येऊन त्याने पोराला खांद्यावर घेतलं, जखमी जवानाला घेतात तसं आडवं. वय झालेलं, गुडघे कुरकुरत होते. अंगण ओलांडताना दोन्ही बाजूंना साधक उभे राहिले. कोणी आडवं आलं नाही आणि कोणी हातही दिला नाही.

फाटकात दारवान उभा होता. "हवालदार," तो म्हणाला, "पाय उंबऱ्याला लागला की गेलं हो सगळं त्याचं. विचार केलात ना?"

आणि इथे हवालदाराच्या मनात जे आलं ते सांगितलंच पाहिजे. लागू दे की पाय. एक अंगठा उंबऱ्याला घासला तरी पुरे. पोरगा वाचला तर घरी येईल, बहीण हसेल, तो मला मामा म्हणेल, लग्नकार्य होईल, घरात पोरंबाळं येतील. कोणी दोष देणार नाही, जीव वाचवायला गेलो होतो. पोराचे पाय त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबकळत होते आणि उंबरा उंच, दगडी. पाय आपोआपच लागले असते.

"पाय वर धर त्याचे," हवालदार दारवानाला म्हणाला. "लागू देऊ नकोस."

दारवानाने दोन्ही घोटे धरून वर उचलले. अरुंद जिन्यातून कपाट नेताना माणसं बोलतात तसं दोघं बोलत होते: जरा वर, तुझ्याकडून घे, सांभाळ. उंबरा ओलांडला गेला आणि त्याला काही लागलं नाही. जे स्वतःला हवं होतं त्यावर हवालदाराने तिथे पाणी सोडलं, आणि ते इतक्या घाईत, की त्याचं दुःख करायलाही फुरसत मिळाली नाही.

रस्त्यापलीकडचं ते लष्करी रुग्णालय भिंतीला भिंत म्हणावी इतकं जवळ होतं. तिथलेही नियम होतेच. नोकरीतले, निवृत्त, आणि त्यांची बायको, मुलं, आईबाप. बाकी कोणी आलं तर वरून परवानगी. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हवालदाराचं कार्ड पाहिलं, सलामही केला, आणि मग विचारलं, "पेशंट कोण तुमचा?"

भाचा या नियमात कुठेच बसत नव्हता.

"मुलगा," हवालदार म्हणाला. सगळ्या नोकरीत तो कधी वरिष्ठांशी खोटं बोलला नव्हता. आता बोलला तो चक्क पहाऱ्यावरच्या पोराशी.

पहारेकऱ्याने मुंडण पाहिलं, अंगावरची कफनी पाहिली. "मुलगा? हा तर मठातला."

"मठात गेला म्हणून मुलगा असायचा थांबतो का?" हवालदार ओरडला. "स्ट्रेचर आण."

पहारेकऱ्याला बहुधा स्वतःचा बाप आठवला. स्ट्रेचर आलं. आत ड्यूटीवर एक मेजरबाई होत्या, बारीक अंगाच्या, तोंडाने तिखट. त्यांनी पापणी उचलून पाहिली आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता शस्त्रक्रियेची तयारी सांगितली. संमतीच्या कागदावर हवालदाराने 'वडील' असं लिहून सही ठोकली. अक्षर त्याचंच, पण त्याला ते ओळखू येईना.

मग बाकडं आणि वाट पाहणं. त्याने बहिणीला फोन लावला. कसंबसं "डोक्याला लागलंय, लगेच नीघ" एवढं बोलला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती येऊन सगळ्यांसमोर मला दादा म्हणणार आणि इथे मी पोराचा बाप. त्याला त्या बाकड्यावर एकट्यालाच हसू फुटलं, आणि पुढच्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं.

रस्त्यापलीकडून घंटा ऐकू आली. थोड्याच वेळात व्यवस्थापक धावत आले. इतक्या दिवसांनी उघडलेला आवाज घोगरा झाला होता.

"जिवंत आहे ना?"

"आत आहे अजून."

ते बाकड्याच्या टोकाला टेकले.  मग खाली मान घालून म्हणाले, "थोरल्यांनी विचारलंय... उंबऱ्याला पाय लागला का?"

"नाही. दारवानाला विचारा."

"मग त्याची दीक्षा शाबूत आहे. बरा झाला की होईल." त्यांनी हवालदाराचा हात हातात घेतला. हवालदाराला त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं आणि त्यांची गचांडी धरावीशीही वाटली. त्याने दोन्हीपैकी काही केलं नाही.

मेजरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रक्त काढलंय, वेळेत आणलंत, आता शुद्धीवर कसा येतो ते बघायचं. तो येतो की नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. कसा, म्हणाल्या. डोकं किती उरलंय, हे कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराने डोळे उघडले. मेजरबाई खाटेपाशी, हवालदार पायथ्याशी उभा. पोराने ओठांवरून जीभ फिरवली आणि आधी बाईंकडे बघून भुवया उंचावल्या.

"मौन सुटलंय, बोला," हवालदार घाईने म्हणाला.

बाईंनी नाव विचारलं. त्याने मठातलं नाव सांगितलं, हळू पण स्वच्छ. कुठे पडलास? कोठारात. हात वर कर. दोन्ही हात वर झाले. हवालदाराला एवढ्यातच सुटल्यासारखं वाटलं होतं. मग बाईंनी त्याच्याकडे बोट केलं.

"हे कोण तुझे?"

 मामा म्हणाला तर खोटं उघडं पडेल. वडील म्हणाला तर बाई खूश होतील, पण मग पोराचं डोकं ठिकाणावर नाही हे एकट्या हवालदारालाच कळेल.

पोराने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. नजर ओळखीची होती, मायेचीही होती.

"कोणी नाही," तो म्हणाला.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "नीट बघ. हे वडील ना तुझे?"

"वडील नाहीत. माझं कोणी नाही."

बाईंनी हवालदाराला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ झाला होता. "धीर धरा. जन्मदात्याला ओळखत नाही, म्हणजे लक्षण चांगलं नाही. आत पुन्हा रक्त साठत असेल. परत उघडावं लागेल." आणि त्या परिचारिकेला हाक मारायला वळल्या.

"थांबा, मॅडम," हवालदार म्हणाला. त्याचे दोन्ही हात आपोआप सावधानच्या स्थितीत गेले होते. "डोकं उघडू नका. तो पूर्ण शुद्धीवर आहे. त्यांच्यात असंच उत्तर द्यायचं असतं, आणि ते त्याने बरोबर दिलंय. चूक माझी आहे. मी त्याचा बाप नाही."

"मग कोण तुम्ही?"

हवालदाराने खाटेकडे पाहिलं. पोरगा ऐकत होता.

"मामा," तो म्हणाला. "सख्खा मामा."

 मेजरबाई पोराकडे गेल्या, पुन्हा बाहुल्या पाहिल्या, पुन्हा दोन-चार प्रश्न विचारले, आणि परिचारिकेला म्हणाल्या, राहू दे. हवालदाराला मात्र कोरड्या आवाजात सांगितलं की खोट्या सहीबद्दल वर कळवावं लागेल, कार्ड जाईल, तोवर बाहेर थांबा. त्याने सलाम केला आणि बाहेर आला.

बहीण लांबलचक व्हरांड्यातून धावत येत होती, पदर सावरत, "दादा, दादा" करत. कोणी ऐकलं तरी आता फरक पडत नव्हता.

"वाचला," हवालदार म्हणाला. "बोलतोय. मला बघून म्हणाला, माझं कोणी नाही."

बहिणीने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे पूर्ण बरा आहे," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.